‘लोक’ आणि ‘आम्ही’

आमच्या जांभूळच्या एका मुलाने ‘माझा गाव’ या विषयावर निबंध लिहिला होता. उल्हास नदी, भाताची शेते, सारे नेहमीप्रमाणे आले. आणि मग एक वाक्य : ‘गावातील लोक कामाला येणाऱ्या कातकरी बाईला चहा निराळ्या कपात देतात.’ निरीक्षण खरे होते. मी गुणही दिले. रात्री वह्या बांधून ठेवताना मात्र मनात आले, हे ‘लोक’ म्हणजे कोण? कान तुटलेला असा एक कप आमच्याही पडवीत आहे, आजीच्या काळापासून.

आपण ज्यांच्यात वाढलो त्यांच्याविषयी लिहिताना ‘लोक’ हा शब्द मोठा सोयीचा पडतो. तो टाळण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले त्यांत इरावतीबाई कर्वे मला फार जवळच्या वाटतात. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या, बर्लिनला माणसाच्या कवट्या मोजून डॉक्टर झालेल्या आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकविणाऱ्या या बाई. माणसे मोजणे हा त्यांचा व्यवसायच. पण ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पंढरीला निघाल्या तेव्हा ती मोजपट्टी त्यांनी स्वतःला लावली. ‘वाटचाल’ या लेखात ती हकीकत आहे. १९६२ साली अमेरिकेतील एका विद्वन्मान्य नियतकालिकात तिचे इंग्रजी भाषांतरही आले. दिंडीत ब्राह्मण बायका होत्या, मराठा बायका होत्या. दिवसभर पायांखाली एकच वाट, तोंडी तेच अभंग. जेवणे मात्र वेगळी! बाईंना ते सलले. मराठा बायकांत बसून त्या जेवल्या, तशा त्या बायका मोकळ्या झाल्या; हात धरून चालू लागल्या, ताई म्हणू लागल्या, पुण्यास भेटायला येऊ म्हणाल्या. तेव्हा एका तरुण मुलीने सहज विचारले, की तेथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल ना?

हा प्रश्न त्यांनी गाळला असता तर कोणाला कळणार होते? ज्या देशातील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या आपण सभांतून हौसेने सांगतो. पण त्याच लेखात त्या मुलीचा प्रश्न आहे, आणि तो जिव्हारी लागल्याची कबुलीही आहे. व्याख्येला वजन आले ते त्यामुळे, असे मला वाटते.

अर्थात ‘आम्ही’ म्हणणे सर्वांना सारखे नसते. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला, तो फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा. तिचे ‘आम्ही’ सोसणाऱ्यांचे. वेद ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्म कोणता, असे ती विचारते. पण तेथेच ती थांबत नाही. सोवळ्याची बाधा महारांनाही झाली आणि तेही मांगांना हलके लेखू लागले, हेही ती लिहून जाते. शाळकरी पोरीने लिहिलेला निबंध हा! आम्ही शिक्षक अजून ‘फुलाचे आत्मवृत्त’ लिहून घेत आहोत.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला वही परत दिली आणि ‘लोक’ खोडून ‘आम्ही’ लिही, म्हणून सांगितले. तो घुटमळला.

“गुरुजी, आई वाचेल.”

मी त्याला सोमवारपर्यंत मुदत दिली. मलाही घरी त्या कपाविषयी बोलायचे होते.