क्राउन व्हील बोल्ट

क्राउन व्हील बोल्ट हे मोटारीच्या डिफरन्शियलमधील मोठे दातेरी चक्र (क्राउन व्हील) त्याच्या पिंजऱ्यास जखडणारे बोल्ट होत. जुन्या, मागील चाकांना गती देणाऱ्या मोटारींची दुरुस्ती करताना ते बदलून अधिक बळकट बोल्ट बसविले जातात.

कार्य

इंजिनाची गती पिनियनमार्फत क्राउन व्हीलला मिळते. बोल्ट घट्ट आवळल्यावर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात व त्यांच्यातील घर्षणामुळे भार वाहिला जातो. बोल्ट सैल झाल्यास हे घर्षण कमी होते, बोल्टवर वारंवार आडवा भार येतो व तो थकव्याने तुटतो. तुटलेला तुकडा दात्यांत अडकल्यास मागील चाके अकस्मात जखडू शकतात. घाटात खालच्या गिअरमध्ये चढताना पिनियनवरील पीळ वाढतो. त्यामुळे कामथडी परिसरातून जाणाऱ्या पुणे–सातारा मार्गावरील खंबाटकीसारख्या घाटांत या जोडाची कसोटी लागते.

सामर्थ्यवर्ग

मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर वर्ग कोरलेला असतो. पहिल्या अंकाला १०० ने गुणल्यास नाममात्र ताणसामर्थ्य मेगापास्कलमध्ये मिळते. दुसरा अंक कायमची लांबण सुरू होण्याची मर्यादा त्याच्या किती दशांश आहे, हे दर्शवितो.

* ८.८ : ८०० व ६४०
* १०.९ : १००० व ९००
* १२.९ : १२०० व १०८०

निवड

केवळ वरच्या वर्गाचा बोल्ट लावून जोड बळकट होत नाही. पूर्वीच्याच पिळाने आवळल्यास दाबही जवळपास पूर्वीइतकाच राहतो. अधिक पीळ द्यायचा, तर समोरचे आटे तो पेलतील याची खात्री हवी. आवळण्याच्या पिळापैकी सुमारे नऊ दशांश घर्षणात जातो, म्हणून आट्यांना तेल लागल्यास त्याच पिळाने बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. १२.९ वर्गाच्या बोल्टवर विद्युत मुलामा दिल्यास हायड्रोजनमुळे तो ठिसूळ होण्याचा धोका असतो. त्यामुळे सामान्यतः मूळ वर्गाचे नवे बोल्ट किंवा १०.९ पुरेसे ठरतात. बोल्टची लांबी व डोक्याची उंची मूळ बोल्टइतकीच असावी लागते.

महाराष्ट्रातील जुन्या मोटारी

मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही फियाट ११०० वर आधारित असून मागील चाकांना गती देणारी होती. विलिज जीपसारख्या अमेरिकी रचनेच्या वाहनांत मात्र इंची आटे आढळतात. मेट्रिक व इंची आटे वरवर सारखे दिसले, तरी परस्परांत बसवू नयेत; आटे निकामी होतात. त्या बोल्टवर अंकांऐवजी रेघा असतात : तीन रेघा पाचव्या, तर सहा रेघा आठव्या दर्जाच्या.