मेंदूचा मार : ऑक्सफर्ड ते व्हाइटफील्ड

१९३५ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने ख्यात असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातानंतर सहा दिवसांनी मृत्यू पावले. त्यांच्या उपचारांत सहभागी असलेल्या ह्यू केर्न्स या मेंदू-शल्यविशारदाने पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व सप्रमाण मांडले.

कवटी शाबूत असतानाही मेंदू निकामी का होतो, हा प्रश्न मात्र उरलाच होता. त्याचे उत्तर ऑक्सफर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या प्रतिकृतींच्या साहाय्याने दिले. मेंदू पाण्यासारखा जवळजवळ असंपीड्य आहे. दाबाने त्याचे आकारमान फारसे बदलत नाही, आकार मात्र सहज बदलतो. डोके झटक्यात फिरले की कवटी आधी वळते, मेंदू जडत्वामुळे मागे राहतो आणि आतले थर एकमेकांवरून सरकून चेतातंतू ताणले जातात. घातक ठरतो तो हा कर्तन-ताण.

त्या काळी भारतात मेंदू-शल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग नव्हता. १९४९ मध्ये जेकब चांडी यांनी वेल्लोरला तो सुरू केला. पाठोपाठ मद्रासला बी. राममूर्ती आणि मुंबईत राम गिंडे यांनी ही शाखा रुजवली. बेंगळुरूमध्ये १९७४ साली निम्हान्स आकाराला आली. तिचे संस्थापक संचालक आर. मार्तंड वर्मा स्वतः मेंदू-शल्यविशारद होते. त्याच वर्षी टीसडेल आणि जेनेट यांनी ग्लासगो कोमा मापनश्रेणी प्रसिद्ध केली. डोळे, वाणी आणि हालचाल यांवरून ३ ते १५ गुण देणाऱ्या या पद्धतीमुळे रात्रपाळीच्या नवख्या डॉक्टरलाही रुग्णाची अवस्था एका आकड्यात सांगता येऊ लागली. १९९५ पासून निम्हान्सच्या मेंदूपेढीत नातेवाइकांच्या संमतीने मिळालेले मेंदू संशोधनासाठी जतन केले जातात. घरातला माणूस नुकताच गेलेला असताना दिलेली ती संमती या विज्ञानाचा एक पाया आहे.

शहराच्या पूर्वेला १८८२ साली अँग्लो-इंडियन वसाहत म्हणून वसलेले व्हाइटफील्ड आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचे आणि अखंड वाहतुकीचे उपनगर आहे. तेथील श्री सत्य साई रुग्णालयाचे उद्‌घाटन १९ जानेवारी २००१ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते झाले. मेंदूवरील शस्त्रक्रिया तेथे विनामूल्य होतात.

या शाखेत येणाऱ्यासाठी वाट लांब आहे : एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमएसची तीन आणि एम.सीएच.ची तीन. कवटीखाली साचणारे रक्त मात्र काही तासांतच जीव घेऊ शकते. एक शल्यविशारद घडायला अकरा-बारा वर्षे लागतात. हेल्मेटचा पट्टा बांधायला काही सेकंद पुरतात. होलबर्न यांचे गणित पाहता हेल्मेट प्रत्येक इजा टाळू शकत नाही, कारण डोक्याचे फिरणे त्याने पूर्णपणे थांबत नाही. पण शल्यविशारदापर्यंत जिवंत पोहोचण्याची संधी ते नक्कीच वाढवते.