खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : निगेच्या वेळी माशांची सुरक्षा

खाऱ्या पाण्याच्या टाकीतील पाणी बदलणे, काचा पुसणे, वाळूतील गाळ काढणे, फिल्टर धुणे ही कामे चालू असताना माशांना इजा, विषबाधा किंवा धक्का बसू नये म्हणून घ्यावयाची काळजी. ही कामे मासे टाकीतच ठेवून, थोडी थोडी करून करतात. सगळे मासे बादलीत काढून टाकी नळाखाली खळखळून धुण्याची सवय अनेक घरांत असते. खाऱ्या टाकीत ती माशांच्या जिवावर बेतते.

पार्श्वभूमी : लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथाने समुद्री जीव घरी पाळण्याचा छंद इंग्लंडभर पसरला. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि समुद्राच्या तळाशी राहणारे मासे काचेपलीकडे पाहण्याची संधी मराठी घरांतील अनेक पिढ्यांना मिळाली. घरच्या टाकीत हेच मासे फार थोड्या पाण्यात राहतात, त्यामुळे तिथे लहानशी चूकही मोठी ठरते.

शरीराची गरज : प्रवाळखडकांजवळ समुद्राची लवणता हजारी सुमारे ३५ भाग असते आणि ती फारशी हलत नाही. तिथल्या अस्थिमत्स्यांच्या रक्तातील क्षार समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश असतात. त्यामुळे परासरणाने त्यांच्या अंगातले पाणी सतत बाहेर जाते. मासा ही तूट समुद्राचे पाणी पिऊन भरून काढतो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. टाकीची लवणता एकाएकी बदलली की हा तोल बिघडतो. म्हणून घरच्या टाकीत तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, सामू म्हणजे पीएच ८.१ ते ८.४ आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास स्थिर राखतात.

जिवाणूंचे रक्षण : माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. खडक, वाळू आणि फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खाऱ्या टाकीचा सामू जास्त असतो आणि सामू वाढतो तसा अमोनियाचा विषारी अंशही वाढतो. सामू ७ असताना तो जितका असतो, त्याच्या दहापटीहून अधिक तो ८.२ला होतो. नळाच्या पाण्यातील क्लोरिनमुळे हे जिवाणू मरतात. म्हणून फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळून घेतात आणि खडक, वाळू व फिल्टर एकाच दिवशी साफ करत नाहीत.

पाणी बदलणे : साधारणपणे आठवड्याला एक दशांश पाणी बदलतात. २०० लिटरच्या टाकीसाठी २० लिटर नवे पाणी आदल्या दिवशीच तयार करावे लागते. आरओचे शुद्ध पाणी घेऊन त्यात लिटरमागे ३५ ते ४० ग्रॅम समुद्री मीठ टाकतात आणि पंप लावून ते रात्रभर फिरते ठेवतात. हे मीठ मत्स्यालयासाठीच बनवलेले हवे; खाण्याच्या मिठात पुरेसे कॅल्शियम व मॅग्नेशियम नसते. ओतण्यापूर्वी तापमान आणि लवणता टाकीशी जुळवून घेतात. किनाऱ्यावरून पाणी आणण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने कोकण किनाऱ्याची लवणता उतरते आणि शहरांलगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते.

बाष्पीभवनाने उडालेले पाणी भरणे हे वेगळे काम आहे. वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहते. २०० लिटरमधले १० लिटर उडाले की हजारी ३५ची लवणता ३६.८ होते. ही तूट मिठाच्या पाण्याने भरली तर जादा मीठ टाकीत कायम राहते आणि दर वेळी त्यात भर पडते. म्हणून वरची भर नेहमी गोड्या शुद्ध पाण्याची घालतात.

वाळू व खडक : जाड वाळूच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नाही आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड साठू शकतो. असा थर एकदम ढवळला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मासे गुदमरतात. म्हणून वाळूचा वरचा थर तेवढाच, एका वेळी एक कोपरा, सायफनने उपसतात. खडक बाहेर काढायचा झाल्यास आधी पाण्यातच हलवून त्याची भोके तपासावीत. गोबीसारखे लहान मासे आत दडून बसतात आणि खडकाबरोबर बाहेर येतात. परत मांडताना खडक वाळूवर न टेकवता तळाच्या काचेवर टेकवतात, नाहीतर वाळू उकरणारे जीव त्याखाली पोकळी करतात आणि रचना ढासळते.

वीज व हवा : हात पाण्यात घालण्यापूर्वी हीटर आणि पंप बंद करावेत. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने टाकीच्या जोडणीवर आरसीसीबी ब्रेकर असणे आवश्यक आहे. पाणी उतरल्यावर उघडा पडलेला तापता हीटर गार पाणी लागताच तडकतो. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा कमी प्राणवायू विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅम. म्हणून पंप बंद ठेवून रेंगाळू नये. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा.

पकडणे व हाताळणे : मासा काढावाच लागला तर जाळीऐवजी पारदर्शक प्लास्टिकचा डबा वापरावा. सर्जन माशाच्या शेपटीजवळचा सुरीसारखा काटा आणि एंजलफिशच्या गालावरचा काटा जाळीत अडकतो. सोडवताना मासा जखमी होतो. सिंहमाशाचे काटे विषारी असतात. त्याचा दंश झाल्यास तो भाग सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंशांच्या गरम पाण्यात धरून ठेवावा आणि तातडीने डॉक्टरांकडे जावे. काही झोअँथिड जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. त्यांना हातमोजे व चष्मा घालूनच हाताळावे आणि असे जीव असलेला खडक कधीही उकळू नये.

कामाच्या वेळी दिवे मंद ठेवतात, हात सावकाश हलवतात आणि काम झाल्याबरोबर झाकण लावतात, कारण घाबरलेले रास आणि गोबी मासे टाकीबाहेर उडी मारतात. हातांना साबण, क्रीम किंवा सॅनिटायझर लागलेले नसावे. टाकीच्या बादल्या दुसऱ्या कशालाही वापरू नयेत. तणावाखालील माशांना क्रिप्टोकॅरियन या परजीवीचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लवकर जडतो. त्यावर वापरले जाणारे तांबेयुक्त औषध कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना मारक असल्याने ते वेगळ्या टाकीतच देतात.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत. निसर्गातून त्यांना काढून टाकीत ठेवणे गुन्हा आहे.

काम संपल्यावर मासे आपल्या नेहमीच्या जागी पोहू लागले आणि टाकलेले खाद्य त्यांनी घेतले, म्हणजे निगा नीट झाली असे समजावे.