शिरगणती कीं मतदान ?

माणसें मोजण्याइतकें निरुपद्रवी काम राज्यकारभारांत दुसरें नसेल, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्या आंकड्यांवर गांवची शाळा व कचेरी अवलंबून असली, म्हणजे मोजणीचें रूप कसें पालटतें, हें बेल्जमच्या अर्वाचीन इतिहासांत पाहावयास मिळतें.

या चिमुकल्या देशाच्या उत्तरेस डच व दक्षिणेस फ्रेंच भाषा चालते. १९३२ च्या कायद्यानें सीमेवरील व ब्रुसेल्सभोंवतालच्या गांवांचा भाषाप्रश्न दशवार्षिक गणनेवर सोंपविला. अल्पसंख्यांची भाषा शेंकडा ३० वर गेली, कीं तिला कचेरींत सवलती. निम्म्यावर गेली, कीं कारभाराची भाषाच बदलावयाची. योजना दिसावयास न्याय्य होती. पण फ्रेंच ही प्रतिष्ठेची व बढतीची भाषा. तेव्हां घरीं दोन्ही भाषा बोलणाऱ्यानें कोणती सांगावी?

लिएज प्रांतांतील फूरेनचीं सहा खेडीं पाहा. तेथील घरगुती बोली डचच्या नात्याची, पण बाजार व रोजगार लिएज शहराकडे. १९३० सालीं हीं खेडीं डचबहुल ठरलीं. १९४७ सालीं तींच फ्रेंचबहुल ठरलीं. सतरा वर्षांत एवढीं माणसें आलीं-गेलीं नव्हतीं. बदललें होतें तें उत्तर. १९४७ च्या गणनेचे निकाल सरकारनें १९५४ पर्यंत दाबून ठेवले. ते बाहेर येतांच तीन गांवें द्वैभाषिक ब्रुसेल्सला जोडलीं गेलीं, आणि तेथील नगरपालिकांची संख्या १६ वरून १९ झाली. पुढें अनेक डचभाषी नगराध्यक्षांनीं भाषेचा प्रश्न असलेले कागद वांटण्याचेंच नाकारलें. अखेर १९६१ मध्यें भाषागणना कायद्यानें बंद झाली, आणि १९६२-६३ मध्यें भाषासीमा आंखण्यांत आली.

तंटा मात्र मिटला नाहीं. मोठा विरोध असतांही फूरेन डचभाषी लिम्बुर्ग प्रांतास जोडलें गेलें. पुढें तेथील फ्रेंचवादी नगराध्यक्ष जोझे आपार यांनीं आपलें डचचें ज्ञान सिद्ध करण्यास नकार दिला, आणि या चार-पांच हजार वस्तीच्या गांवापायीं १९८७ मध्यें राष्ट्राचें मंत्रिमंडळ कोसळलें.

मोजणीनें अन्याय होतो म्हणून ती थांबविली, तर वस्ती बदलावयाची थांबत नाहीं. आणि ती चालू ठेवावी, तर प्रत्येक उत्तराचें मत बनतें. या पेचांतून बेल्जमला निर्दोष वाट सांपडली, असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि इतकें खास, कीं ज्या उत्तरावर लोकांचें हिताहित टांगलेलें आहे, त्याची नुसती बेरीज करून सत्य हातीं लागत नाहीं.