मांजर, माती आणि मुंबईतले रक्ताचे नमुने

पालघर तालुक्यातल्या एडवणसारख्या किनाऱ्यावरच्या गावात मांजर मुद्दाम पाळावे लागत नाही. जिथे मासळी सुकते तिथे ते येतेच. ओटीवर झोपते, वाडीतली भुसभुशीत माती उकरते, रात्री चुलीच्या उबेला बसते. कुणाची काही तक्रार नसते. पण घरातली सून गरोदर राहिली की वातावरण बदलते. मांजरामुळे पोटातल्या बाळाला आजार होतो, असे कुणीतरी सांगते आणि एक दिवस ते गोणीत भरून लांब सोडून दिले जाते. ही भीती निराधार नाही, पण अर्धवट आहे. तिचा उलगडा व्हायला साठ वर्षे लागली आणि त्यातली एक मोलाची कडी आपल्या मुंबईची आहे.

सुरुवात मात्र मांजराच्या कौतुकाने झाली. 1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग पसरला आणि पुढे सारा प्रांत त्याने पोखरला. उंदरावरची पिसू हा रोग माणसाला देते, हे सिमोंड या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये दाखवले. पुढच्या दशकात मुंबईतल्या संशोधकांनी ते पक्के केले. मग उंदराचा शत्रू तो आपला मित्र, हा हिशेब आलाच. अमरावतीचे लष्करी डॉक्टर अँड्र्यू बुकॅनन यांनी 1908 मध्ये मांडले की ज्या वस्तीत घरोघरी मांजरे आहेत तिथे प्लेग कमी होतो, म्हणून मांजरे पाळा. हे पूर्ण उत्तर नव्हते, कारण मांजरालाही प्लेग होतो. तरी त्या काळात मांजराकडे पहारेकरी म्हणून पाहिले गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

योगायोग असा की त्याच 1908 साली ट्युनिसमध्ये निकोल आणि मांसो यांना गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात एक सूक्ष्म परजीवी सापडला. ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना तोच सशात दिसला. धनुष्यासारख्या बाकामुळे त्याचे नाव पडले टोक्सोप्लाझ्मा. तो आईकडून पोटातल्या बाळाला जाऊ शकतो, हे 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी सिद्ध केले. 1948 मध्ये रक्ताची चाचणी आली. ती वापरल्यावर कळले की जगभर असंख्य धडधाकट माणसांना हा संसर्ग कधीतरी होऊन गेलेला आहे. पण तो त्यांच्यापर्यंत पोचला कसा?

पहिला संशय मांसावर गेला. कच्च्या किंवा अर्ध्या शिजलेल्या मटणातून तो येत असणार, हे तर्काला धरून होते. इथे मुंबई कामाला आली. पिढ्यान्‌पिढ्या मांस न खाल्लेली घरे आणि रोज मांस खाणारी घरे एकाच शहरात, एकाच हवा-पाण्यात राहतात, असे ठिकाण युरोपात कुठून मिळणार? बी. डी. रावल यांनी मुंबईतल्या शाकाहारी आणि मांसाहारी लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले आणि 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: दोन्ही गटांत संसर्गाचे प्रमाण जवळपास सारखेच होते.

ताटावरून माणसाची शुद्धता मोजणाऱ्या आपल्या समाजात हा निष्कर्ष घरोघरी पोचायला हवा होता. जंतूने जात पाहिली नाही, धर्म पाहिला नाही. मात्र यावरून मांस निर्दोष ठरत नाही. अर्धवट शिजलेले मांस खाणाऱ्या मुलांना संसर्ग होतो, हे 1965 मध्ये पॅरिसच्या एका रुग्णालयात दिसले. मुंबईने दाखवले ते एवढेच, की दुसरीही एक वाट असली पाहिजे.

ती वाट ग्लासगोच्या हचिसन यांना सापडली. 1965 मध्ये त्यांनी दाखवले की मांजराच्या विष्ठेतून संसर्ग पसरतो. 1970 पर्यंत चित्र स्पष्ट झाले. हा परजीवी आपले अंडे म्हणता येईल असे रूप फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात तयार करतो. ते विष्ठेतून मातीत जाते आणि ओलाव्यात वर्षभरही तगते. मातीतून पाण्यात, भाजीवर, हातावर, आणि तिथून तोंडात. शाकाहाऱ्याच्या ताटातली न धुतलेली कोथिंबीरही त्याला पुरते.

आता मांजराच्या बाजूने. ते साधारण आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे ही अंडी टाकते. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे घाण रोजच्या रोज काढली तर धोका बराचसा टळतो. मांजराला कुरवाळण्यापेक्षा उघड्या हाताने वाडीची माती उकरणे आणि तसेच जेवायला बसणे अधिक धोक्याचे.

इथे आपल्या परंपरेची आठवण होते. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या वजूच्या पाण्याकडे मांजर आले, तेव्हा त्यांनी भांडे कलते करून त्याला पाणी पाजले. सून कब्शा चकित होऊन पाहत राहिल्या. त्यावर त्यांनी पैगंबर (स.) यांची शिकवण सांगितली: मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. कोकणी मुसलमान ज्या शाफई फिकहचे, तिच्यात मांजराचे उष्टे पाणी पाक आहे. पण मांजराची विष्ठा नजासतच आहे आणि ती धुऊन काढायची आहे. हदीस म्हणजे जंतुशास्त्राचे पुस्तक नव्हे आणि तिला तसे बनवण्याची गरजही नाही. तरी प्राणी वेगळा आणि त्याची घाण वेगळी, हा विवेक आपल्याकडे आधीपासून होता. गोणीत मांजर भरताना तोच आपण विसरतो.

कुंडीतल्या रोपांचे काय? हा परजीवी उष्ण रक्ताच्या प्राण्यांचा आहे, रोपाला तो लागत नाही. तुळस किंवा मोगरा करपतो तो मांजराच्या मुतातल्या क्षारांनी आणि युरियाने, नाहीतर मुळे उकरल्याने. धोका रोपाला नाही, कुंडी भरणाऱ्या हाताला आहे.

दोन गोष्टी मात्र हलक्यात घेऊ नयेत. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा. आणि मांजरे-कुत्री घाण करतात त्या ओल्या वाळूत अनवाणी चालू नये. त्यांच्या आकडेकृमीच्या अळ्या कातडीत शिरतात आणि नागमोडी, खाजरी रेघ उमटते.

गरोदर बाईसाठी उपाय साधे आहेत. मांजराची घाण दुसऱ्याने काढावी, मातीकामाला हातमोजे घालावेत, भाजी नीट धुवावी. मांस पूर्ण शिजवावे, आणि बकरी ईदला कच्चे मटण हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. खरा धोका गरोदरपणात पहिल्यांदाच संसर्ग झाला तर असतो. रक्ताच्या अहवालात आयजीजी पॉझिटिव्ह दिसले, तर सहसा अर्थ एवढाच की संसर्ग कधीतरी होऊन गेला आहे. बाकी डॉक्टरांना विचारावे. त्या कागदावरून सुनेला बोल लावू नये आणि मांजराला हद्दपारही करू नये. ते गेले तरी वाडीतली माती तिथेच राहते.