यादीत काय राहिलं?

माझे अब्बा शिंपी होते. तालुक्याच्या गावात, बाजारपेठेत, एका खणाचं त्यांचं दुकान. दुकानात मापाची एक जाडजूड वही असायची. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. पानावर नाव, मापं, कपडा द्यायची तारीख, आणि पानाच्या कडेला त्याच कापडाचा बोटभर तुकडा टाचणीनं लावलेला. तो तुकडा वहीच्या बाहेर डोकावत राहायचा. कपडा शिवून गिऱ्हाइकाच्या हातात पडला, की अब्बा टाचणी काढायचे आणि तुकडा चिंध्यांच्या पिशवीत टाकायचे. ईद किंवा दिवाळी जवळ आली, की मिटलेल्या वहीच्या कडेनंही रंगीबेरंगी तुकडे दिसत. किती कामं उरली आहेत, हे कळायला वही उघडावी लागत नसे.

मी बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, डायऱ्या बाळगू लागलो. २०१६ साली डोळ्यांच्या डॉक्टरांनी अब्बांना तपासलं आणि सांगितलं, की डोळ्यातला दाब जरा जास्त आहे, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. मी लगेच डायरीत लिहिलं. त्याच पानावर विजेचं बिल, गॅसचा नंबर, एका कविसंमेलनाला कळवायचा होकार, दळण असं सगळं होतं. बिल भरलं, होकार कळवला, पान उलटलं. दोन वर्षांनी अब्बा जेवताना डावीकडचं पाण्याचं भांडं चाचपडू लागले, तेव्हा आम्ही धावलो. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, हे तेव्हा समजलं. घरी येऊन डायरी काढली. नोंद होती. तारीखही होती. चूक दुसऱ्या कुणाची नव्हती, माझीच होती.

अब्बांची वही जे काम करत होती, ते माझी डायरी का करू शकली नाही? या प्रश्नामागे लागून मी यादी या वस्तूचा इतिहास वाचू लागलो. त्यातलं थोडं आज आपल्याला सांगायचं आहे.

आधी शब्दच पाहा. 'यादी' मराठीत आली ती फारसीतल्या 'याद'वरून, म्हणजे आठवणीवरून. 'फडणीस' हा शब्द 'फर्दनवीस'वरून आला. फर्द म्हणजे सुटा कागद, त्यावरची यादी. ती लिहिणारा तो फर्दनवीस. शिवाय आपल्याकडे 'रुजुवात' असा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. नोंद आणि प्रत्यक्ष वस्तू एकमेकांशी ताडून पाहणं म्हणजे रुजुवात. आठवण लिहिणं, सुटी लिहिणं आणि ताडून पाहणं अशी यादीची तिन्ही कामं आपल्या भाषेत आधीपासून बसलेली आहेत.

पण लिहिलेलं शोधायचं कसं? ही अडचण जुनी आहे. बगदादच्या इब्न अल-नदीम या ग्रंथविक्रेत्यानं इसवी सन ९८७-८८ मध्ये 'फिहरिस्त' नावाची ग्रंथांची मोठी यादी केली आणि तिचे विषयवार दहा भाग पाडले. गझलकारांनी आपले दीवान लावले ते शेराच्या शेवटच्या अक्षरानुसार. आधी अलिफवर संपणाऱ्या गझला, मग बेवर संपणाऱ्या. ओळीचा शेवट आठवला, की गझल सापडते. पण पावसावरच्या तेवढ्या गझला काढा म्हटलं, तर दीवान गप्प बसतो. एक क्रम एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. बांधलेल्या वहीची हीच मर्यादा. दुसरा प्रश्न विचारायचा, तर पानं पुन्हा लावावी लागतात, आणि ती तर शिवलेली.

ही शिवण उसवण्याचा एक उपाय झुरिकच्या कॉनराड गेस्नर या विद्वानानं सांगितला. १५४५ मध्ये त्यानं तोवर माहीत असलेल्या लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू ग्रंथांची प्रचंड सूची छापली. १५४८ च्या पुढच्या ग्रंथात त्यानं आपली रीतही देऊन टाकली. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, एक मुद्दा एका ओळीत घ्या, कात्रीनं प्रत्येक मुद्दा सुटा करा आणि मग हव्या त्या क्रमानं लावा. म्हणजे आधी कापा, मग लावा. शिंप्याच्या मुलाला हे वाचून किती बरं वाटलं असेल, याची आपण कल्पना करू शकता.

पुढे १७९१ मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारनं ताब्यात आलेल्या ग्रंथालयांची मोजदाद करायला काढली, तेव्हा पुस्तकांच्या नोंदी पत्त्यांच्या पाठीवर करा, असा आदेश निघाला. त्या काळी पत्त्यांची पाठ कोरी असे. राजा-राणीच्या मागच्या बाजूला पुस्तकांची नावं आली. पत्ते पिसता येतात आणि लावताही येतात.

या सुट्या चिठ्ठ्यांचं काम कुठवर जाऊ शकतं, हे पाहायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृत शब्दकोशाचा प्रकल्प सुरू केला. ऋग्वेदापासूनचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्दाशब्दाच्या चिठ्ठ्या तयार झाल्या. त्यांची संख्या एक कोटीच्या घरात आहे. पहिला खंड निघाला १९७६ मध्ये. एक शब्द, एक चिठ्ठी, हाच तिथलाही नियम.

ज्यांना वही मोडायची नव्हती, त्यांच्यासाठी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानं वेगळी वाट काढली. १६८६ मध्ये त्यानं ती प्रसिद्ध केली. टिपणवहीच्या सुरुवातीला दोन पानांवर घरं आखायची. शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यातला पहिला स्वर, या दोहोंवरून घर ठरवायचं. अशी शंभर घरं. मराठीत करायचं तर 'कागद' हा शब्द 'क' आणि 'आ' यांच्या घरात जाईल आणि त्या घरात पानांचे आकडे लिहिले जातील. वही शिवलेलीच राहिली, पण तिला पत्ते मिळाले.

विसाव्या शतकात जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यानं चिठ्ठी आणि पत्ता यांची सांगड घातली. त्याच्या लाकडी खणांत सुमारे ९० हजार चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीला कायमचा क्रमांक आणि प्रत्येकीवर दुसऱ्या चिठ्ठ्यांचे क्रमांक. एक वाचली, की ती दुसरीकडे पाठवायची. लूमान त्या खणांना संवादातला आपला जोडीदार मानत असे. तो १९९८ मध्ये वारला. २०११ मध्ये बीलेफेल्ड विद्यापीठानं ते खण आपल्याकडे घेतले.

इथवर शोधाची सोय झाली. पण माझी अडचण वेगळी होती. माझी नोंद हरवली नव्हती, ती 'झालेल्या' कामांच्या गर्दीत बुडाली होती. झालेलं आणि राहिलेलं वेगळं करायचं, तर चिठ्ठीला चाळणीही हवी.

अशी चाळणी कागदाचीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघालेली आणि विसाव्या शतकात ग्रंथालयांतून, प्रयोगशाळांतून वापरलेली ही कार्डं. त्यांच्या चारही कडांना भोकांची रांग. प्रत्येक भोकाला एक अर्थ ठरवलेला. तो अर्थ त्या कार्डाला लागू असेल, तर भोक कडेपर्यंत कापून टाकायचं. मग सगळा गठ्ठा हातात घेऊन त्या भोकातून विणकामाच्या सुईसारखी लांब सुई घालायची आणि उचलून हलवायचं. कापलेली कार्डं खाली पडतात, न कापलेली सुईवर लटकत राहतात. 'झालं' या अर्थाचं एक भोक ठेवा, की जे राहिलं ते सुईवर राहिलं! अब्बांच्या वहीतले तुकडे याच जातीचे होते.

या चाळण्यांचं गणित जॉर्ज बूल यानं १८५४ मध्येच मांडून ठेवलं होतं. 'आणि', 'किंवा', 'नाही' या तीन साध्या शब्दांचे व्यवहार त्यानं चिन्हांत बसवले. आज संगणकावर आपण जो शोध घेतो, त्याच्या मुळाशी हेच तीन शब्द आहेत. घरातली बाई तांदूळ पाखडते, चाळते, निवडते, तेही एका परीनं हेच.

खुणेची यादी किती मोलाची असते, हे ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्डवर दिसलं. बोइंग कंपनीचं चार इंजिनांचं नवं विमान चाचणीसाठी उडालं आणि काही क्षणांत कोसळलं. दोन माणसं गेली. विमान उभं असताना शेपटीकडचे भाग वाऱ्यानं हलू नयेत, म्हणून एक अडसर लावलेला असे. तो काढायचा राहिला होता. वैमानिक नवखे नव्हते, उलट अतिशय अनुभवी होते. तेव्हा उपाय निघाला तो छोट्या याद्यांचा: उड्डाणाआधी काय तपासायचं, उतरण्याआधी काय तपासायचं. पुढे त्याच घराण्याची बी-१७ जातीची बारा हजारांहून अधिक विमानं बांधली गेली.

हाच विचार शस्त्रक्रियेच्या खोलीत नेला जागतिक आरोग्य संघटनेनं, २००८ मध्ये. त्या कामाचे नेते होते डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. एकोणीस मुद्द्यांची यादी. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी थांबून ती मोठ्यानं वाचायची. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं होतं. मला माझ्या डायरीचं पान आठवलं आणि मी ते आकडे पुन्हा वाचले.

चिठ्ठी, पत्ता, खूण आणि चाळणी एकत्र आल्या त्या संगणकावर. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं कुणालाही पान लिहिता यावं, दुरुस्त करता यावं आणि एका पानावरून दुसऱ्यावर जाता यावं, अशी सोय केली. नाव दिलं 'विकी'. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ चटकन. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसच्या नावातून त्याला तो शब्द मिळाला होता. २००१ मध्ये निघालेला विकिपीडिया आपण जाणताच. पण विकी एकट्या माणसाची वहीही होऊ शकते. २००४ मध्ये लंडनच्या जेरेमी रस्टन यांनी 'टिडलीविकी' केली. सगळी वही एकाच फाइलमध्ये, पेन ड्राइव्हवर मावेल अशी.

माझ्या पुतणीनं ती मला लावून दिली. उत्साहानं मी सगळी कामं एकाच पानावर लिहिली आणि शोधायला गेलो, तर प्रत्येक वेळी ते अख्खं पान समोर आलं. माझी जुनी डायरीच काचेमागे जाऊन बसली होती. मग गेस्नरची कात्री आठवली. एक काम, एक टिपण. प्रत्येकावर खुणेचे शब्द: काम, घर, अब्बा, औषध. काम झालं, की चौकटीत टिचकी मारायची, की 'झालं' ही खूण आपोआप चिकटते. आता मी वहीला सांगतो: 'काम' असलेली घे, त्यातली 'अब्बा' असलेली ठेव, 'झालं' असलेली काढून टाक, उरलेली तारखेनं लाव. एका चाळणीतून पडलेलं दुसरीत जातं, दुसरीतलं तिसरीत. वर एक रिकामी पट्टी असते. तिच्यात 'डोळे' असं लिहिलं, की तेवढ्याच ओळी उरतात.

अर्थात चाळणीला एक खोट आहे. ज्या टिपणाला खूण करायची विसरलो, ते कुठल्याच यादीत येत नाही. असतं, पण दिसत नाही. म्हणून बिनखुणेच्या टिपणांची वेगळी यादी मी ठेवली आहे. ज्या टिपणाकडे दुसऱ्या कुठल्याच टिपणातून वाट जात नाही, त्यांचीही यादी ही वही देते. त्यांना तिच्या भाषेत अनाथ म्हणतात. दर शुक्रवारी दुपारी मी या दोन्ही याद्या पाहतो. आणि दुसरी खोट आपलीच. काम न करता टिचकी मारली, तर यंत्र तिलाही खरं मानतं. रुजुवात माणसानंच घालायची असते.

अब्बांची एक नजर उरली आहे. तिच्यासाठी रोज रात्री थेंब घालायचे असतात. ते माझ्या यादीत आहेत. परवा त्यांची शेवटची वही माळ्यावरून काढली. कडेनं तीन तुकडे अजून डोकावत होते. एक चौकटीचा, दोन पांढरे. मी म्हटलं, "अब्बा, दुकान बंद होऊन किती वर्षं झाली! काढून टाकू का?" त्यांनी बोटांनी तुकडे चाचपले. म्हणाले, "कपडे पेटीत आहेत बेटा. माणसं न्यायला आली नाहीत. कपडा दिलाच नाही, तर तुकडा कसा काढायचा?"

मी टाचण्या होत्या तशाच ठेवल्या.