हेमिंग्वेच्या बायका आणि कादंबरीकार

डिसेंबर १९२२ मध्ये पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावर एक बॅग चोरीस गेली. अर्नेस्ट हेमिंग्वेचे बहुतेक सारे अप्रकाशित लिखाण, कार्बनच्या प्रतींसकट, तीत होते. ते बाड लोझानला नवऱ्याकडे घेऊन निघाली होती त्याची पहिली बायको हॅडली. रिकाम्या हाताने पुढचा प्रवास करताना तिच्या मनाचे काय झाले असेल, हे कोणत्या दप्तरात सापडणार? पॉला मॅक्लेन यांनी २०११ साली ‘द पॅरिस वाइफ’ ही कादंबरी हॅडलीच्याच तोंडून सांगितली. मला ते रास्त वाटते.

हेमिंग्वेने चार लग्ने केली. पॉलीन आणि मेरी यांना आज वेळ नाही. पण तिसरी, मार्था गेलहॉर्न, हिला टाळता येत नाही. ही स्वतः नाणावलेली युद्धवार्ताहर. जून १९४४ मध्ये परवानगी नसता रुग्णनौकेच्या न्हाणीघरात लपून ती नॉर्मंडीला गेली आणि किनाऱ्यावर उतरली. यजमान मात्र नावेतूनच किनारा पाहून परतले होते! पुढे घटस्फोट झाला. मुलाखतीत त्याचे नाव निघू नये, असा तिचा दंडक असे. १९९८ साली ती वारली, आणि २०१८ मध्ये मॅक्लेनबाईंनी ‘लव्ह अँड रूइन’मध्ये तोच संसार मांडला. जिने जन्मभर स्वतः लिहिले, तिच्या तोंडी आपले शब्द घालताना लेखणी अडखळायला हवी होती. तिची युद्धवार्तापत्रे १९५९ मध्येच ‘द फेस ऑफ वॉर’ या नावाने ग्रंथरूपात आली आहेत. कादंबरीआधी ती वाचावीत.